संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

कुठल्याही खोलीत शिरल्यावर उत्तरा देवस्थळीची नजर आधी छताकडे जाई, मग खिडकीकडे, आणि माणसांकडे सर्वांत शेवटी. ही सवय शिष्टाचाराला धरून नाही हे तिला ठाऊक होतं. पण पुण्यात वास्तुशास्त्राची पदवी घेऊन चार वर्षं इमारती रेखाटलेल्या बाईची नजर दुसरीकडे वळणार तरी कशी? एकोणीस वर्षांपूर्वी नवरा चंद्रहास दोन वर्षांच्या करारावर कावासाकीला आला, तेव्हा ती त्याच्याबरोबर आली. करार लांबत गेला. तिची पदवी जपानमध्ये परवान्याला पुरी पडेना. परवान्याची परीक्षा तिने जपानी भाषेत दोनदा दिली. दुसऱ्या वेळी अगदी थोडक्या गुणांनी हुकली, आणि त्यानंतर तिने तो नाद सोडला. कुबोता-सान नावाच्या गृहस्थांच्या सहा माणसांच्या दुरुस्तीच्या दुकानात ती नकाशे काढू लागली. त्या नकाशांवर सही करण्याचा अधिकार तिला नव्हता. चूक करण्याचा मात्र पुरेपूर होता, आणि तो तिने एकदा वापरला होता हे जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी तिच्या ध्यानात आलं.

त्या दिवशी ईश्वरी लोणकरकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. युरिगाओका स्टेशनपासून चढावर चालत गेलं की उतारात रोवल्यासारखी घरं लागतात; रस्त्याच्या बाजूने दोन मजले दिसतात आणि मागच्या बाजूने एक मजला अर्धा जमिनीत उतरलेला असतो. त्यातलंच एक घर ईश्वरी आणि तिचा नवरा अंबरीष यांनी दोन वर्षांपूर्वी भाड्याने घेतलं होतं. उत्तराला ते घर पूर्वीपासून ठाऊक होतं. त्याच्या आधीचे भाडेकरू, सलोनी आणि पियुष, यांच्यासाठी तिने तिथे थोडं काम करून दिलं होतं.

दारातच कोटांचा ढीग साचला होता. ईश्वरी वाण वाटता वाटता म्हणाली, "उत्तराताई, तुमचा कोट तेवढा खाली नानांच्या खोलीत ठेवता का? इथे पाय ठेवायला जागा नाही."

"नाना आले आहेत?"

"ऑक्टोबरमध्येच. आता जायचे नाहीत, इथेच राहणार. व्हिसाचं जमलं."

अंबरीषचा व्हिसा वरच्या दर्जाचा होता आणि मुलगा चार वर्षांचा. नातवाला सांभाळायला म्हणून आजोबांना राहण्याची परवानगी मिळाली होती. नाना म्हणजे अंबरीषचे वडील, पंढरीनाथ लोणकर, वय अठ्ठ्याहत्तर. बायको गेल्यावर दोन वर्षं ते दापोडीच्या घरात एकटे राहिले होते.

उत्तरा कोट घेऊन खाली उतरली. छत नीट होतं. जिन्याला लागून न्हाणीघर, त्यापुढे सहा तातामी चटया मावतील एवढी खोली. एक पलंग, घडी केलेलं ब्लँकेट, उशाशी चष्मा आणि औषधांचा डबा. दाराजवळ, आत शिरताना पायाला लागावा असा, रॉकेलचा स्टोव्ह. समोरच्या भिंतीवर जाड पडदा. तिने तो बोटभर सारला आणि तिला तिचंच रेखाटन दिसलं. खालच्या भागात मुलाला पाय ठेवता येऊ नये म्हणून दाट उभ्या सळ्या, वर शोभेसाठी शंकरपाळ्यांच्या आकाराची एक ओळ. लोखंडी ग्रिल. सहा वर्षांपूर्वी त्या शंकरपाळ्यांचा तिला अभिमान वाटला होता.

पलंग नसता तर ती पडदा सोडून वर गेली असती. पण पलंग होता. एका दाराची खोली, दारात स्टोव्ह, आणि दुसरी वाट तिने स्वतःच्या हाताने बंद केलेली.

सलोनीचं मूल तेव्हा दीड वर्षाचं होतं. खालची खोली त्याच्या खेळण्यांसाठी. ग्रिल नसलेली खिडकी सलोनीला उघड्या विहिरीसारखी वाटे आणि उत्तराला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. पुण्यातल्या चार वर्षांत तिने ग्रिलशिवाय एकही खिडकी कागदावर उतरवली नव्हती. तिने रेखाटन दुकानात दाखवलं, तेव्हा कुबोता-सानांनी पेन्सिलने त्यावर टिचकी मारून विचारलं होतं, "हे आतून उघडतं का?"

"उघडायचं कशाला?" ती म्हणाली होती. "ग्रिल आहे."

त्या उत्तरात उद्धटपणा नव्हता. ती आपल्या गावातलं एक स्वयंसिद्ध सत्य परक्या माणसाला सांगत होती, एवढंच. कुबोता-सानांनी मान हलवली आणि काम पुढे सरकलं.

वर येऊन तिने तीळगूळ घेतला आणि हसली. ईश्वरीला म्हणाली, "नानांना खाली एकटं वाटत नाही?"

"उलट त्यांना तेच बरं पडतं. बाथरूम लागून आहे, जिना चढायला नको. सगळ्यांचीच सोय झाली."

सोय हा शब्द मोठा सोशिक आहे. कुणाची सोय, हे तो आपणहून कधी सांगत नाही. त्याच घरात वरच्या मजल्यावर दक्षिणेकडची, भर उन्हाची एक खोली होती. तिथे अंबरीषच्या संगणकाचे दोन मॉनिटर, खुर्ची आणि हेडफोन राहत. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. कुटुंबात खोल्यांची वाटणी अशीच होते: ज्याचं काम मोठं त्याला उजेड, आणि ज्याची तक्रार कमी त्याला उरलेली खोली. उत्तराला दुसऱ्याच्या घरातली ही वाटणी दिसली, आणि त्या उरलेल्या खोलीला कुलूप आपण लावलं आहे हेही दिसलं.

ती निघत असताना नाना फिरून परतले. कानटोपी, मफलर, हातात कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातून आणलेली केळी. उत्तराने वाकून नमस्कार केला.

"खोली बघितलीत ना माझी?" ते म्हणाले. "एसटीच्या शेवटच्या सीटसारखी आहे. फक्त हलत नाही."

"नाना, खिडकी उघडता ना कधी?"

नानांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "उघडतो की. हवा येते," असं म्हणून त्यांनी केळी स्वयंपाकघरात नेली आणि नातवाला हाक मारली.

सोमवारी सकाळी तिने दुकानातलं जुनं बासन उघडून तो कागद कुबोता-सानांच्या टेबलावर ठेवला. घराच्या मूळ नकाशात खालच्या खोलीवर कुठेही निजण्याची खोली असं लिहिलेलं नव्हतं. तिथे एकच रोमन अक्षर होतं, एस. खिडकीतून येणारा उजेड कायद्याच्या मापाला कमी पडतो तेव्हा त्या खोलीला राहण्याची खोली म्हणता येत नाही. मग तिला सामानाची खोली म्हणतात आणि जाहिरातीत हे अक्षर टाकतात. पुढे तिथे सामान राहतं की माणूस, हे पाहायला कोणी येत नाही.

"इथे आता एक आजोबा झोपतात," उत्तरा म्हणाली. "आणि ग्रिल उघडत नाही."

कुबोता-सानांनी चष्मा वर केला. ते साठीचे, कमी बोलणारे. "कायद्याच्या दृष्टीने तिथे कोणी झोपतच नाही."

"पण झोपतात."

"हो. पण कायद्याने झोपत असते, तरी त्याने तुम्हाला आधी ओल विचारली असती. तळघरात माणूस राहणार असेल तर ओल येऊ नये, हवा खेळावी. म्हणून खिडकीबाहेर ती खोदलेली मोकळी जागा, काराबोरी. भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत निदान एक मीटर. तो मीटर हवेसाठी आहे. एका कुटुंबाच्या छोट्या घरात त्यातून माणूस बाहेर पडतो का, हे तो विचारत नाही."

उत्तराला विभा आठवली. तिची वर्गमैत्रीण, मिनेसोटात स्थायिक झालेली. गेल्या वर्षी तिने फोटो पाठवले होते. तळघरात मुलीसाठी खोली केली तर तपासनिसाने ती नापास केली होती, म्हणून तिच्या अंगणात यंत्र लावून खड्डा खणणं चाललं होतं. खिडकीची मोकळी रुंदी निदान एकावन्न सेंटिमीटर, उंची एकसष्ट, खालची कड जमिनीपासून एकशे बाराच्या वर नको, आणि गज लावायचेच तर किल्लीवाचून, हत्यारावाचून आतून उघडणारे. तेव्हा उत्तरा त्या काटेकोरपणाला हसली होती. आता तिच्या मनात आलं की प्रत्येक देश खिडकीकडे आपापलं भय घेऊन पाहतो. विभाच्या तपासनिसाला आग दिसते, इथल्या कायद्याला ओल, आणि आपल्याला चोर. यांपैकी कोणतंच भय खोटं नाही. पण एका देशाचं भय दुसऱ्या देशात नेऊन बसवलं की मधल्यामध्ये माणूस सापडतो.

"तुम्ही मला विचारलं होतं," ती म्हणाली. "उघडतं का म्हणून."

"विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलंत, आणि मग मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तेवढा दोष माझ्याकडे. गंज तपासायचा आहे असं सांगून मी ते उतरवून आणू शकतो. कोणाला काही कळायला नको."

हा मार्ग सोपा होता आणि दिवसभर तिला तो पटत राहिला. ग्रिल निघालं असतं, तिची लाजही झाकली गेली असती. पण दारातला स्टोव्ह तिथेच राहिला असता. निजण्याच्या खोलीत धुराची घंटा लावावीच लागते, तीही त्या खोलीत नव्हती, कारण कागदावर तिथे सामान झोपत होतं. खरं सांगायला जावं, तर दुसरी भीती होती. घरमालकीण होशिनो-सान वयस्कर आणि कागदाला जपणाऱ्या. तिथे कोणी निजू नये असं त्यांनी म्हटलं, तर पंढरीनाथ लोणकरांना पुन्हा दापोडीच्या रिकाम्या घरात जावं लागणार होतं. गप्प राहिलं तर त्यांच्या जिवाशी खेळ, बोललं तर त्यांच्या निवाऱ्याशी. सायंकाळपर्यंत तिला एवढं कळलं की या दोहोंतली निवड करण्याचा हक्क तिचा नाही, ज्याचा जीव आणि ज्याचा निवारा त्याचा आहे.

बुधवारी दुपारी ती लोणकरांकडे गेली. अंबरीष घरूनच काम करत होता. मीटिंग संपवून तो खाली येऊन बसला. ईश्वरीने चहा ठेवला. नाना कोपऱ्यात बसून मटार सोलत होते. उत्तराने काही न लपवता सगळं सांगितलं: ग्रिल कुणी रेखाटलं, कुणासाठी रेखाटलं, कुबोता-सानांनी काय विचारलं आणि आपण काय म्हणालो.

अंबरीषने कप बाजूला सारला. "म्हणजे चार महिने मी नानांना..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. "होशिनो-सानना कळलं तर त्या नाहीच म्हणतील, ताई. करारात ती खोली स्टोरेज आहे."

"वरची ऑफिसची खोली दे ना नानांना," ईश्वरी म्हणाली.

"आणि त्यांचा गुडघा? रात्रीबेरात्री जिना उतरून बाथरूमला? मी वर दिवसभर ओसाकाच्या क्लायंटशी बोलतो, त्यांनी दिवसा आडवं व्हायचं कधी?"

"तू खाली जाऊन बोल ओसाकाशी. तुला गुडघे आहेत ना?"

"मला हरकत नाही. पण जिना राहतोच ना."

नानांनी मटारचं ताट बाजूला ठेवलं. "तुमचं झालं का? झालं असेल तर खाली चला जरा."

सगळे त्यांच्या मागून उतरले. नानांनी पडदा सारला, काच सरकवली आणि ग्रिलच्या कडेला बोट लावलं. सहा वर्षांपूर्वी चोराला बाहेरून खोलता येऊ नये म्हणून उत्तराने नट आतल्या बाजूला घेतले होते. साऱ्या रेखाटनात शहाणपणाची अशी ती एकच गोष्ट होती. आता तिथे पान्याने फिरवायचे षटकोनी नट नव्हते. हाताने फिरवता येणारे, दोन कान असलेले नट होते, ग्रिलच्याच रंगाने रंगवलेले. नानांनी एक नट दोन बोटांनी सहज फिरवून दाखवला. त्याला तेल दिलेलं होतं.

"हे कधी केलंत?" अंबरीषने विचारलं.

"आल्याच्या चौथ्या दिवशी. ते हत्यारांचं मोठं दुकान आहे ना, नातवाला बरफी... नव्हे, आइस्क्रीम देतो म्हणून नेलं होतं, तिथून आणले. एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली, बाबा. गाडी बांधून झाली की शेवटचं काम माझं. मागची खिडकी आतून उघडते का ते बघायचं, आणि वर तांबड्या रंगात लिहायचं. ती उघडेपर्यंत मी गाडी सोडत नसे. साहेब ओरडायचे. मग स्वतःच्या उशाशी बंद खिडकी घेऊन झोपू होय?"

"मग आम्हाला सांगितलं का नाहीत, नाना?" ईश्वरीचा आवाज उतरला होता.

"सांगितलं असतं तर खोली गेली असती." नानांनी नट पुन्हा जागेवर बसवला. "मला इथनं जायचं नव्हतं."

उत्तराला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी शरमही वाटली, की या माणसाने चार महिने आपला जीव आपल्या हातांनी राखला आणि कुणाला चाहूल लागू दिली नाही. तरीही तिच्यातली नकाशेवाली बाई स्वस्थ बसेना.

"नाना, एकदा उघडून दाखवाल? डोळे मिटून. धुरात दिसत नाही."

नानांनी तिच्याकडे आदराने पाहिलं. तपासणाऱ्याला तपासणारा भेटला होता. त्यांनी डोळे मिटले. उत्तराने घड्याळ लावलं. पहिले तीन नट झटपट निघाले. चौथा कानाशी अडला. पाचवा निघता निघता बोटांतून सुटला आणि घरंगळत पलंगाखाली गेला. सहावा निघाला तेव्हा दोन मिनिटं दहा सेकंद झाली होती. मग ग्रिल बाहेर ढकलायचं. ते अठरा किलोंचं. अंबरीषने हात लावला म्हणून ते खड्ड्यात आपटलं नाही. नानांनी खिडकीच्या कडेवर हात टेकून डावा पाय उचलला, गुडघा अर्ध्यावर थांबला, आणि ते पलंगावर बसले. त्या खोलीत ते पहिल्यांदा म्हातारे दिसले.

"ही गाडी सुटायची नाही," ते म्हणाले.

"सुटेल," उत्तरा म्हणाली. "पण आधी होशिनो-सानकडे जायला हवं. आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही."

नानांनी हाताचं तेल फडक्याला पुसलं. ते बराच वेळ पुसत राहिले. "जा," ते म्हणाले. "अर्धवट गाडीत बसून राहण्यात अर्थ नाही."

होशिनो-सान त्याच गल्लीत चढाच्या टोकाला राहत. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. ते घर त्यांच्या नवऱ्याने बांधलं होतं. उत्तरा आणि अंबरीष त्यांच्यासमोर गुडघे मोडून बसले. अंबरीषने कराराविरुद्ध वडिलांना तिथे निजवल्याची माफी मागितली, आणि उत्तराने ग्रिलची. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "ते स्वतःच्या पायांनी वर येऊ शकतील का?"

"तशी सोय करता येईल," उत्तरा म्हणाली. "मी नकाशा आणून दाखवते."

"नकाशा नको. नकाशात माझ्या नवऱ्यानेही ती खोली फार सुंदर काढली होती." त्यांनी कप खाली ठेवला. "मी बागेत उभी राहीन. ते खिडकीतून निघून माझ्यापर्यंत आले, की मी तिला निजण्याची खोली म्हणेन आणि तसं लिहून देईन. नाही आले, तर तिथे सामान राहील. तोवर ते वर झोपतील, आणि तो स्टोव्ह आजच बाहेर जाईल."

त्यात कडवटपणा नव्हता आणि सूटही नव्हती. परत येताना अंबरीष म्हणाला, "ताई, नानांना हे कसं सांगू?"

"आहे तसं सांग. त्यांना तपासणीची भीती नाही."

त्या आठवड्यापासून नाना वरच्या ऑफिसात निजू लागले आणि अंबरीष खालच्या खोलीत बसून ओसाकाशी बोलू लागला. दोन दिवसांत त्याला कळलं की तिथे दुपारी तीननंतर दिवा लावावा लागतो. त्याने ते ईश्वरीला सांगितलं.

कुबोता-सान आणि नाना यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पहिल्या शनिवारी दोघांनी दुकानाच्या मागच्या पत्र्याखाली ते ग्रिल आडवं ठेवलं आणि अर्धा तास नुसते त्याभोवती फिरले. मग नानांनी खडूने एक रेघ मारली, कुबोता-सानांनी ती चार बोटं डावीकडे सरकवली, आणि नानांनी मान हलवली. खिडकीचा जो अर्धा भाग उघडतो तेवढ्याच ग्रिलचा एक दरवाजा कापायचा, त्याला डावीकडे बिजागऱ्या लावायच्या, बाहेर उघडून तो काराबोरीच्या भिंतीला टेकेल असा. आतून एक खटका, खाली दाबला की सुटणारा. मोकळी रुंदी बहात्तर सेंटिमीटर भरली. मिनेसोटाचा तपासनीसही हरकत घेणार नाही, असं उत्तराच्या मनात आलं.

अडचण उरली ती पायरीची. उत्तराने प्रमाणित उंचीची पायरी रेखाटली होती, पुस्तकातली. नानांनी कागद पाहिला आणि परत दिला.

"ताई, हे माप कुणाच्या गुडघ्याचं?"

"सर्वसाधारण माणसाचं."

"तो काही माझ्या खोलीत राहत नाही." त्यांनी टेप स्वतःच्या नडगीला लावली. "एसटीच्या पायरीवरून किती बाया पडताना पाहिल्यात मी. माप कारखान्यात घेतलेलं, नऊवारीत नाही. डावा पाय एवढाच उचलतो. सोळा लिहा. आणि एक नको, तीन करा."

तिने सोळा लिहिलं. आयुष्यभर ती सरासरी माणसासाठी रेखाटत आली होती, आणि हा पहिला नकाशा होता ज्यात एका विशिष्ट माणसाचा डावा गुडघा होता. तीन पायऱ्यांची लाकडी बैठक तयार झाली, जमिनीला पक्की केलेली. वर खिडकीच्या चौकटीला धरायला एक दांडा. बाहेरच्या खड्ड्यात होशिनो-सानांच्या नवऱ्याने बसवलेली लोखंडी शिडी होती; कुबोता-सानांनी ती घासून तिलाही दोन्ही बाजूंना दांडे लावले. दोन आठवडे नाना रोज सकाळी दहा वेळा त्या तीन पायऱ्या चढले आणि उतरले.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी सकाळी होशिनो-सान मागच्या बागेत येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या हातात जुन्या नकाशाची गुंडाळी होती. कुबोता-सान घड्याळ घेऊन खड्ड्याच्या कडेला. आत खोलीत अंबरीष, ईश्वरी आणि उत्तरा. नाना पलंगावर पांघरूण घेऊन आडवे झाले होते, कारण माणूस झोपेतून उठतो तिथून वेळ मोजायची असं त्यांनीच ठरवलं होतं. मग त्यांनी पांघरूण बाजूला सारलं आणि उठून बसले.

"आधी उत्तराताई," ते म्हणाले.

"मी कशाला?"

"जिने बंद केली तिने आधी बाहेर पडून बघावं. आमच्याकडे रंगाऱ्यालासुद्धा खिडकीतून काढायचो."

ईश्वरी हसली. उत्तराने ओढणी कमरेला खोचली, डोळे मिटले, आणि खटका चाचपला. तो एका दाबात सुटला. तीन पायऱ्या, दांडा, थंड हवेचा एक झोत, शिडीचं गार लोखंड. वर आल्यावर होशिनो-सानांनी तिला हात दिला. तो हात लहान आणि उबदार होता. सहा वर्षांपूर्वी आपण काय बंद केलं होतं ते उत्तराला त्या वेळी अंगाने कळलं, आणि ते आता उघडं आहे हेही.

मग खिडकी पुन्हा लागली. काचेमागे काही दिसेना. कुबोता-सानांनी "हाजिमे" म्हणत सुरुवातीची खूण केली. आत पलंग करकरला. खटका सुटल्याचा आवाज आला. ग्रिलचा दरवाजा भिंतीला टेकला, आणि नानांची कानटोपी बाहेर आली. कडेवर डावा पाय क्षणभर थांबला. अंबरीषने आतून हात पुढे केला होता. नानांनी मागे न बघता तो झटकला. पाय बाहेर आला. शिडीवर ते सावकाश चढले, एकेका दांड्याला नीट धरून, आणि बागेत येऊन होशिनो-सानांच्या समोर उभे राहिले. त्यांनी टोपी काढून, इतक्या महिन्यांत शिकल्याप्रमाणे, कमरेत वाकून नमस्कार केला.

"चोपन्न सेकंद," कुबोता-सान म्हणाले.

होशिनो-सानांनीही तितक्याच खोल वाकून नमस्कार केला. मग त्यांनी गुंडाळी खड्ड्याभोवतीच्या कठड्यावर पसरली, पर्समधून पेन्सिल काढली, ते एकटं रोमन अक्षर खोडलं आणि त्या जागी दोन चित्राक्षरं लिहिली. शेजारी तारीख घातली. निजण्याची खोली. "धुराची घंटा उद्या लागेल," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला ही खोली आवडायची. तो इथे रेडिओ दुरुस्त करत बसे."

अंबरीष जिन्याने धावत वर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "नाना, हात तरी धरायचा."

"आगीत तू असशीलच कशावरून?" नाना म्हणाले. "आणि ऐक. ऑफिस वर ने तुझं. खाली तुला अंधार पडतो, मला सवय झाली आहे."

"दिवसा तुम्ही वर बसा. उन्हात. मी कोपऱ्यात बसेन."

"तुझी ती बडबड ऐकत?"

"दुपारी मीटिंग नसते."

"मग दुपारी येईन," नानांनी कबूल केलं.

ईश्वरीने खालीच चहा आणला, कारण सगळे पुन्हा त्या खोलीत जमले होते. होशिनो-सान पलंगाच्या कडेवर बसल्या, कुबोता-सान सोळा सेंटिमीटरच्या पायरीवर. नानांनी कपाटातून तांबड्या रंगाची लहान डबी आणि बारीक ब्रश काढला. रंग सकाळीच ढवळून ठेवलेला असावा. त्यांनी होशिनो-सानांकडे बघून चौकटीकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवल्यावर ते पायरीपाशी गेले, कुबोता-सान उठून बाजूला झाले, आणि नानांनी खिडकीच्या वर, एकतीस वर्षांच्या सवयीच्या वळणदार अक्षरांत, एक ओळ लिहायला घेतली.

"काय लिहिताहेत?" होशिनो-सानांनी हळूच विचारलं.

"बाहेर कुठून पडायचं ते," उत्तरा म्हणाली. "आमच्याकडे गाडीत लिहितात."

"पण हे वाचणार कोण? त्यांना तर ठाऊकच आहे."

उत्तराने प्रश्न नानांना मराठीत सांगितला. नानांनी ब्रश न थांबवता उत्तर दिलं, "माझ्यानंतर इथे कोणी तरी निजेलच की. त्याने आपली भाषा शिकून घ्यावी."

उत्तराने ते भाषांतरून सांगितलं. होशिनो-सान तोंडावर हात धरून बराच वेळ हसत राहिल्या. ग्रिलचा दरवाजा बाहेर भिंतीला टेकलेला होता, काच सरकवलेली होती, फेब्रुवारीची थंडी सरळ आत येत होती, आणि चहा निवत चालला होता. खिडकी लावून घ्यावी असं कोणालाच सुचलं नाही.